उजवीकडची पेडलं

त्या सकाळी मी नवीपेठेतल्या शिंप्याकडून इंजिनांची कव्हरं आणायला गेलो होतो. लाल कॅनव्हासची, कडांना जाड दोरी ओवलेली. शिंप्याने ती हातात धरून उलटसुलट बघितली आणि म्हणाला, "भाऊ, एवढी मोठी टोपडी कोणत्या लेकराची?"

"विमानाची."

"दोन म्हणजे जुळं झालं की हो," म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर खूश होत ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

एक्क्याण्णव सालचा जानेवारी होता. जळगावात ऊन हवंसं वाटावं असे ते थोडे दिवस असतात. पायाशी कव्हरं, हँडलला जेवणाचा डबा, असा मी स्कूटरवरून गावाबाहेरच्या धावपट्टीकडे निघालो. दोन्ही बाजूंना वेचून संपलेली कपाशी उभी होती, पानं गळून नुसत्या काळ्या काड्या. कुठल्यातरी शेतात त्या काड्यांवर भरताची वांगी भाजत होते. धूर रस्त्यावर आडवा आला होता. वाईट काही घडावं असा तो दिवस नव्हता.

धावपट्टीवर तेव्हा फार काही नव्हतं. डांबरी पट्टा, पत्र्याचं एक हँगर, हँगरपुढे काँक्रीटचं अंगण, ज्याला आम्ही एप्रन म्हणायचो. वाऱ्याची दिशा दाखवणारा फाटका कापडी नळा. पाण्याचा रांजण. आणि झुलाल. तो एरंडोलकडचा. विमान धुणं, ढकलणं, चाकांना लाकडी ठोकळे लावणं, काढणं, सगळं तोच करायचा.

मी बियाणं विकणाऱ्या एका कंपनीत वैमानिक होतो. कंपनीचं आठ माणसांचं विमान होतं, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं. मी उजव्या सीटवरचा, म्हणजे दुय्यम. डाव्या सीटवर कॅप्टन जीवराम नेहेते असायचे. आदल्या मे महिन्यात ते रावेरला घरी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. तेव्हापासून आमचे मुख्य वैमानिक देवरे साहेब मुंबईहून येऊन वेळ निभावत होते. डावी सीट रिकामी होती, आणि ती मला हवी होती.

देवरे साहेब मूळचे धुळ्याचे. बोलायला तिखट. त्यांनी सरळ सांगितलं होतं, "भामरे, हवेत तू बरा आहेस. जमिनीवर बैल आहेस. महिनाअखेरीपर्यंत मऊ चालवायला शीक. नाही जमलं तर मालक मुंबईचा माणूस आणतील, आणि मग तू जन्मभर उजवीकडे."

ते खरंच होतं. मी आधी कपाशीवर फवारणी करायचो. एका इंजिनाचं छोटं विमान, शेतातल्या कच्च्या पट्ट्या. तिथे पाय दणादण मारायची सवय लागली होती.

टर्बोप्रॉपला ते चालत नाही. ब्रेक सोडले की ते आपणहून चालू लागतं, कारण इंजिन अगदी मंद असलं तरी पंख्यांना पुरेसा जोर असतो. त्याला ब्रेकने आवरायचं नसतं. हाताखालचे दोन लीव्हर जरा मागे घ्यायचे, पात्यांचा कोन सपाट होतो, आणि विमान स्वतःच मंदावतं. वळायचं तर पायांनी पुढचं चाक फिरवायचं आणि बाहेरच्या बाजूच्या इंजिनाला किंचित जोर द्यायचा. ब्रेक फक्त शेवटी, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं इतका. थांबण्याच्या क्षणाआधी तोही सोडायचा, म्हणजे नाक झुकत नाही. सांगायला एवढंच आहे.

आणखी एक सांगून ठेवतो. पुढचं चाक आणि ब्रेक दोन्ही सांभाळणारी ही पेडलं दोन्ही सीटपुढे असतात आणि ती आतून एकमेकांना जोडलेली असतात. उजवीकडच्याने पाय हलवला की डावीकडच्याच्या तळव्याला कळतं.

नेहेत्यांचा हात या कामात असा होता की त्यांच्याबद्दल लोक गोष्टी सांगायचे. केळी पिकवणाऱ्या घरातला माणूस. म्हणायचे, घड डागाळला तर घरी मार बसायचा, तेव्हापासून धक्का द्यायचं विसरलो. वर्षभर मी त्यांच्या शेजारी बसलो, पण त्यांनी मला जमिनीवर एकदाही हात लावू दिला नाही. चाकं टेकली की माझा हात लीव्हरवरून बाजूला सारायचे आणि तोंडातली लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेत म्हणायचे, "हवेत तुझं. जमिनीवर माझं."

त्यांचा हात मला त्याआधीपासून माहीत होता. मी तेव्हा कंपनीत नव्हतो. माझी बायको कुंदा हिच्या पाठीच्या मणक्यांत रोग उतरला होता आणि मुंबईला न्यायचं होतं. ओळखीतून मालकांना कळलं, त्यांनी माणुसकीने विमान दिलं. दवाखान्यातून धावपट्टीवर येईपर्यंत गाडीच्या प्रत्येक हिसक्याला ती ओठ चावत होती. विमानात स्ट्रेचर ठेवलं, मी शेजारी बसलो. पाठीला लावलेल्या निलगिरीच्या तेलाचा वास सगळीकडे भरला होता. तिने डोळे मिटले. बऱ्याच वेळाने उघडले आणि विचारलं, "अजून निघायचं नाही का?"

आम्ही मुंबईला पोहोचून थांबलो होतो.

तेवढ्यात नेहेते पुढून वाकत आले. म्हणाले, "अक्का, आलो आपण." आणि कुंदा हसली. कित्येक महिन्यांनी हसली. ते गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "हात असावा तर असा."

मी तिचं सगळं करत होतो. कूस बदलायचो, तेल लावायचो, चमच्याने पेज भरवायचो. माझ्या हाताला ती कण्हायची. त्या महिन्यातच ती गेली. जाताना बरंच काही बोलली असेल, पण माझ्याजवळ राहिलं ते एवढं एकच वाक्य, आणि ते माझ्याबद्दल नव्हतं.

पुढे कंपनीत लागल्यावर नेहेत्यांनी एकदा विचारलं, "अक्कांना शेवटी त्रास झाला का हो?"

"झाला."

"माझ्या विमानात नाही झाला," ते म्हणाले. समाधानाने म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

तर अशी ती सीट होती. मला नुसती बढती नको होती. त्या माणसाला जे येत होतं ते मला यायला हवं होतं.

देवरे साहेबांची परीक्षा घ्यायची रीत साधी होती. ते मागे, प्रवाशांच्या शेवटच्या सीटवर डोळे मिटून बसायचे. मी डाव्या सीटवर बसून एकट्याने एप्रनवरून निघायचं, पट्ट्याच्या टोकाशी वळायचं, परत येऊन पिवळ्या रेघेवर थांबायचं. विमान थांबल्याचं जाणवलं की ते ओरडायचे, "थांबलं!" ओरडले की मी नापास.

पहिल्या आठवड्यात ते रोज ओरडले. एकदा तर माझं नाक इतकं झुकलं की म्हणाले, "भामरे, पायाखाली पेडल आहे, वखर नाही रे. काय नांगरट काढतोस?"

त्या दिवशी, कव्हरं आणली त्या दिवशी, मी खरंच नीट चालवत होतो. वळण छान झालं. लीव्हर वेळेवर मागे आले. विमान माणसाच्या चालीने रेघेकडे सरकत होतं. आता अगदी थोडा ब्रेक, एवढंच राहिलं होतं... आणि माझ्या डाव्या पायावर कुणीतरी पाय ठेवला.

दुसरा शब्द मला सापडत नाही. बुटावर बूट पडावा तसा. पेडल तळाशी गेलं, नाक डावीकडे हिसकलं, मागून साहेब ओरडले, "थांबलं! थांबलं बाबा, आपटलं!"

"साहेब, तुम्ही पुढे आला होता का?"

"मी इथे पट्टा आवळून बसलोय. जिवाची काळजी आहे मला."

मी खाली बघितलं. माझेच दोन पाय होते. केरोसीनच्या नेहमीच्या वासात लवंगेचा वास मिसळला होता, ताजा, नुकती दाताखाली फोडल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. आणि नेमकं तेव्हाच, जेव्हा मला जमत असे. मी वाईट चालवलं तर कुणी काही करत नसे.

साहेब जेवायला गावात गेले की झुलाल आणि मी हँगरच्या सावलीत डबा उघडायचो. चौथ्या दिवशी झुलाल भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, "भाऊ, राग नका मानू. तो गया नई शे."

"कोण?"

"कोण काय? कॅप्टन. त्याना जीव आठेच शे. तुम्ही त्याना जागावर बसतस, त्याले कसं सहन व्हई?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"दुसरी बायको करतस तवय पहिलीना टाक करतस ना? तसंच हाई. आते तुम्ही दुसरी." आणि तोंडाला हात लावून हसला.

मला हसू आलं नाही. माझी आई धुरपदाबाई वडिलांची दुसरी बायको. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात नखाएवढा चांदीचा पत्रा असायचा, त्यावर ठशाने उठवलेली एक बाई. ती म्हणजे वारलेली पहिली. नवं लुगडं आलं की आई ते आधी टाकाला लावायची, मग नेसायची. पहिला घास टाकापुढे धरायची, मग जेवायची. म्हणायची, तिचं होतं ते मी घेतलं, तिला विचारून घेतलेलं बरं. एका दिवाळीला विसरली, तर नव्या लुगड्याला चुलीपासून लांब, दोरीवर वाळत असताना जळल्याचं भोक पडलं. ते लुगडं मी बघितलं आहे.

"सोनाराला सांग," मी म्हणालो. "आणि साहेबांना बोलू नकोस."

दोन दिवसांनी झुलाल मान खाजवत आला. "एक घोळ झाया, भाऊ."

"काय?"

"सोनारकडे बाप्याना ठसाच नई. तो म्हने, सवतना टाक बायाच करतस, बाप्याना माले कोनीच सांगेल नई. म्हने, घोडावरना खंडोबा शे. मी म्हनं, आमना कॅप्टन इमानवाला, त्याले घोडावर कसा बसाडू?"

"मग?"

त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. "मंग बाईनाच लई उनू. देवले बठ्ठं समजस."

चांदीचा लहानसा टाक. पदर घेतलेली, हात खाली सोडलेली बाई. चेहरा म्हणजे नुसता उंचवटा.

झुलालचं म्हणणं, टाक गळ्यात घालायला हवा. जो मागून आला त्याने अंगावर वागवायचा असतो. मला ते जमेना. युनिफॉर्मच्या आत चांदीची बाई घालून मी साहेबांसमोर कसा बसणार होतो? मी तो उजव्या सीटच्या बाजूच्या, नकाशे ठेवायच्या खिशात सरकवला. ठेवताना मनात म्हणालो, बसायचंच असेल तर आता इथे बसा. दुय्यम म्हणून. त्या विचाराने मला बरं वाटलं, हेही सांगतो.

मग डब्यातला पहिला घास खिशापुढे धरला आणि खाली आलो.

त्या दुपारी डाव्या पायावर कुणी पाय ठेवला नाही. मी पट्ट्याच्या टोकाशी वळलो, परत निघालो. एप्रनच्या तोंडाशी काँक्रीटचा जोड थोडा वर आलेला होता, तिथे चाक हलकं उडायचं. त्या जोडाच्या बरंच आधी उजव्या बाजूची दोन्ही पेडलं एकदम दबली. घाईने, घाबरून, दोन्ही पाय एकत्र. लगेच सुटली. जोड जवळ आला तशी पुन्हा दबली.

मी हे ओळखलं.

कुंदा स्कूटरवर माझ्यामागे बसायची तेव्हा असंच करायची. गतिरोधक लांबून दिसला की पाय ठेवायच्या जागी दोन्ही पावलं गच्च दाबायची, जणू ब्रेक तिच्याकडेच आहे. मी चिडवायचो, "अगं, तू दाबून काय होणार?" तर म्हणायची, "तुम्ही दाबत नाही, म्हणून मी दाबते."

उजवी सीट रिकामी होती. तिथे ऊन पडलं होतं, आणि निलगिरीचा वास येत होता.

"थांबलं," मागून साहेब म्हणाले. "पण कालच्यापेक्षा बरं. दचकत दचकत का चालवतोस? नव्या नवरीसारखं?"

माझे डोळे भरले होते आणि मला इतका आनंद झाला होता की इंजिनं बंद करायचा क्रम मी चुकलो. टाक नेहेत्यांसाठी होता. पण त्यावर बाई होती, आणि बाईच आली होती. माझी.

पुढचे दिवस मी जगात सगळ्यात सुखी माणूस होतो. साहेबांना ऐकू जाणार नाही असं मी तिच्याशी बोलायचो. "घाबरू नकोस... जोड येतोय... मी हळू घेतो." पेडलं दबायची, सुटायची. घरी मी एकटाच होतो, आणि इथे ती रोज भेटत होती. मला शिकायचं होतं तेही जरा विसरलो.

मग तिचं दचकणं कमी झालं.

आधी मला वाटलं, माझ्या बोलण्याने ती सावरली. पण तसं नव्हतं. तिचा पाय नुसता शांत झाला नव्हता. तो शिकत होता. जोड यायच्या आधी आता एकच पेडल दबायचं, उजवं, अगदी थोडं, आणि विमान जोडावर तिरकं जायचं, एका वेळी एक चाक. उडणं बंद झालं. मला हे सुचलं नव्हतं. वळणात माझ्याआधी पाय वळायचा, आणि बरोबर तेवढाच. रेघेजवळ ब्रेक लागायचा तो मी लावलेला नसायचा. आणि शेवटच्या क्षणी तो सुटायचा.

मला हे येत नव्हतं. मी तिला हे शिकवलं नव्हतं.

एका दुपारी वळणावर निलगिरीच्या वासात लवंगेचा वास आला. दोन्ही बरोबर. आणि माझ्या हाताखालचे लीव्हर, ज्यांवर फक्त माझा हात होता, किंचित मागे आले. उजवीकडचं पेडल चुकलं, जरा जास्त दबलं. लीव्हर थांबले. पेडल सुटलं, पुन्हा दबलं, या वेळी नीट. लीव्हर पुढे गेले. कुणीतरी कुणालातरी, हं, असं, म्हणावं तसं.

माझ्या अंगावरून, माझ्या हातापायांतून त्यांचा धडा चालला होता.

"कुंदा," मी म्हणालो. "कुंदा... मी आहे ना."

पेडलं हलली नाहीत. मी बोलत होतो तोवर ती हललीच नाहीत. दोन माणसं बोलत असताना तिसरा मध्ये आला की थांबतात, तशी थांबून राहिली. मी गप्प झालो तेव्हा पुन्हा चालू झाली.

घरी जाऊन मी जेवलो नाही. कुणाला सांगणार होतो? मेलेल्या बायकोवरून मेलेल्या माणसावर राग धरायचा, हे कुणी ऐकून घेतलं असतं? मी अंथरुणावर पडून तेच ते बघत होतो. मुंबईला वाकत आलेले नेहेते. अक्का, आलो आपण. आणि तिचं हसू.

महिनाअखेरीला साहेब म्हणाले, "आज शेवटचं. जमलं तर डावीकडे, नाही जमलं तर उजवीकडे. मला पुन्हा यायला वेळ नाही."

ते मागे जाऊन बसले, डोळे मिटले. मी निघालो. टोकाशी वळलो, जोड ओलांडला, कळलासुद्धा नाही. रेघ समोर दिसू लागली. दोन्ही वास येत होते. सगळं बरोबर चाललं होतं, इतकं बरोबर की मला ते बघवेना. माझी गरज किती आहे ते मला बघायचं होतं.

मी दोन्ही पाय पेडलांवरून काढले आणि खाली जमिनीवर टेकवले. मग लीव्हरवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

विमान चालत राहिलं. पुढचं चाक रेघेवर आलं. शेजारच्या शेताची कड खिडकीत सरकत होती. सरकता सरकता ती उभी राहिली. कधी, ते मी सांगू शकत नाही, मी बघत होतो तरी.

मागून आवाज आला नाही. मी इंजिनं बंद केली, मागे गेलो. साहेबांचे डोळे मिटलेलेच होते. खांद्याला हात लावला तेव्हा दचकून उघडले.

"थांबलास? कधी?"

मग बाहेर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि उठून मला मिठी मारली. "भामरे! अरे, नेहेते. सही सही नेहेते! डोळे मिटून बसलो होतो, वाटलं तोच चालवतोय."

"हो साहेब."

"असा तोंड पाडून काय उभा आहेस? सीट तुझी झाली. मालकांना मी आजच सांगतो. पेढे आण."

खाली झुलाल चाकांना ठोकळे लावत होता. त्याने सगळं बघितलं होतं. साहेब जीपकडे गेल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाला, "बघा भाऊ, मी म्हनं व्हतं ना? आते शांत शे तो. त्याले सोबत भेटनी."

तो चांगल्या मनाने बोलला. मी मान हलवली.

त्या डाव्या सीटवर मी पुन्हा बसलो नाही. फेब्रुवारीत मुंबईचा माणूस आला. लोकांना वाटलं मी वेडा आहे. देवरे साहेबांनी तर बोलणं टाकलं. का बसलो नाही, ते सांगून थांबतो.

परीक्षा झाली त्याच दिवशी संध्याकाळी झुलालने आणि मी विमान ढकलून हँगरमध्ये घातलं. झुलाल सायकलवरून रांजणासाठी पाणी आणायला गेला. सूर्य कपाशीच्या काड्यांना टेकला होता, सगळं एप्रन तांबडं झालं होतं. वारा पडला होता. मी एप्रनच्या पलीकडच्या कडेला, गवतात, स्कूटरजवळ पाठमोरा उभा होतो. निघावं की थांबावं ते ठरत नव्हतं.

मागे वळलो तेव्हा विमान पिवळ्या रेघेवर उभं होतं.

मी आवाज ऐकला नव्हता. आवाज नव्हताच. पंखे जागच्या जागी उभे होते. लाकडी ठोकळे हँगरमध्ये, जिथे झुलालने लावले होते तिथेच, समोरासमोर पडलेले दिसत होते. मी बघतच उभा राहिलो, आणि मग मला कळलं की ते उभं नाही. ते चालतंय. रेघ त्याच्या चाकांखालून मागे जात होती, उन्हाची तिरीप सरकावी इतकी सावकाश. ते वळलं. माझ्याकडे पाठ करून वळलं, केवढं सुंदर वळलं, आणि एप्रनला एक फेरी घालून परत रेघेवर आलं. नाक झुकलं नाही.

मी धावलो. दार उघडून आत चढलो. आत काही नव्हतं, फक्त ते दोन वास, आणि ते आता दोन राहिले नव्हते.

डावी सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे गेलेली होती. नेहेते उंच होते. उजवी सीट अगदी पुढे ओढलेली होती, पेडलांना जवळजवळ चिकटून. एवढ्या पुढे सीट घेणारा वैमानिक मी कधी बघितला नाही. कुंदाची उंची माझ्या खांद्याइतकी होती. दोन्ही सीटचे पट्टे लावलेले होते. मोकळे, लोंबणारे नव्हते. ताणलेले होते, कुणाच्यातरी कमरेवरून.

"कुंदा," मी म्हणालो. "चल... घरी चल."

उजवीकडचा पट्टा थोडा हलला. श्वास घेताना हलतो तेवढा.

खिशात टाकाची कड चमकत होती. तो मी आणवलेला होता. तो काढून घ्यायचा, माझ्या गळ्यात घालायचा, आणि हिला इथून न्यायचं, एवढंच माझ्या मनात होतं. मी दोन सीटच्या मधून वाकलो आणि हात पुढे केला. बोटं खिशाला लागली.

मग माझा हात माझ्याच छातीशी होता.

कुणी ओढला नाही, झटकला नाही. बाजूला सारला, अगदी मऊ. कुणी सारला ते मला आजही ठरवता येत नाही. इतका मऊ, की तो कधी निघाला आणि कधी येऊन थांबला, ते मला कळलंच नाही.